सर्पसंवर्धनातील नामभ्रम व वंशसंदेह

घोणस आणि डुरक्या घोणस ही नावे ऐकून बीड जिल्ह्यातील कोरडवाहू शिवारातल्या शेतकऱ्यास हे दोन्ही साप सगोत्र वाटावेत, हे स्वाभाविकच होय. वस्तुतः पहिली जहाल विषारी, तर दुसरी सर्वथा बिनविषारी. पहिलीच्या अंगावर लांबट ठिपक्यांच्या तीन माळा असतात. दुसरीच्या अंगावर अनियमित डाग असून शेपूट आखूड असते. लोकव्यवहारातील हा नामभ्रम क्षम्य ठरेल. सर्पसंवर्धकाच्या नोंदवहीतील ठरणार नाही. कारण तेथे मूळ जोडीविषयीची चूक पुढील प्रत्येक पिढीस वारशाने मिळते. भारतीय व ब्रह्मदेशी अजगर २००९ पर्यंत सामान्यतः एकाच जातीच्या उपजाती गणले जात. त्या काळातील नोंदीत उपजात लिहिलेली नसेल, तर आजची संतती शुद्ध की संकरित, हे त्या नोंदीवरून ठरविता येत नाही.

मूलस्थानाचे महत्त्वही तितकेच आहे. भारतात प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील सापांपासून मिळते. परंतु एकाच जातीचे विषही प्रदेशपरत्वे भिन्न असते, आणि उसाच्या फडात बीडच्या मजुरास दंश करणारी घोणस तमिळनाडूची नसते. म्हणून जात, मूलस्थान व जनक यांचा उल्लेख नसलेली नोंद शास्त्रीय पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, असे आमचे मत आहे.