सई, साई आणि साय

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत देवगांव फाटा म्हणून एक ठिकाण आहे. फाट्याला स्वतःचें नांव बहुधा नसतें. रस्ता ज्या गांवाकडे फुटतो त्या गांवाचें नांव तो उसनें घेतो, आणि पुढें त्या उसन्या नांवावरच तेथें चहाचीं दुकानें निघतात, घरें होतात, वस्ती नांदूं लागते. मूळ गांव कोणतें आणि त्याचा फांटा कोणता, हा प्रश्न मग फक्त आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना पडतो. गेल्या वैशाखांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं बारशानिमित्त आम्ही त्या बाजूस गेलों होतों. मूळ आणि फांटा यांविषयींचा एक वेगळाच वाद तेथें आमच्या कानीं आला, आणि त्यांत आमचेंहि थोडें हंसें झालें. तें लिहून ठेवणें बरें.

आत्याबाईंनीं पाळण्यांत वांकून मुलीच्या कानांत नांव सांगितलें, तें ‘सई’. दोन अक्षरांचें, ओठांवर हलकें असें हें नांव. परंतु घुगऱ्या वाटून होतात न होतात तोंच वादास तोंड फुटलें. मुलीच्या काकांचें म्हणणें, नांव ‘साई’ असेंच लिहावें. पाथरी येथून दूर नाहीं, आणि पाथरी हेंच साईबाबांचें जन्मस्थान असें या बाजूचे लोक मानतात. यावर एक वयस्क पाहुणे म्हणाले, “साई हा फारशी शब्द आहे, त्याचा अर्थ फकीर. तो आपल्या मुलीला कशाला?” तिसऱ्या एका तरुणानें मोबाईलवर नांवांची यादी काढून ‘सई म्हणजे एक फूल’ असा निकाल दिला. कोणतें फूल, हें मात्र यादींत नव्हतें. मुलीची आजी हें सर्व ऐकत बसली होती. ती एवढेंच म्हणाली, “मला बाई कांहीं कळत नाहीं. माझ्या लेकाचं लेकरू, म्हणजे दुधावरची साय. सई काय न् साय काय!”

येथें आम्हीं तोंड उघडलें. तीस वर्षें वर्गांत बोलण्याची संवय जडली कीं माणसाला बारसें आणि तास यांतला भेद उरत नाहीं. संस्कृत ‘सखी’, तिचें महाराष्ट्री प्राकृतांत ‘सही’, आणि हकार गळून मराठींत ‘सई’. हाच एक अर्थ खरा, बाकी सर्व अज्ञान, असें आम्हीं ठासून सांगितलें. फारशीचा कांहीं संबंध नाहीं, फुलाचा नाहीं, आणि दुधावरच्या सायीचा तर मुळींच नाहीं. मंडळींनीं मान डोलावली. आजी उठून आंत गेली.

परत आल्यावर सहज म्हणून कोश उघडले. मोल्सवर्थसाहेबांचा शब्दकोश (दुसरी आवृत्ति, 1857) आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (1946) हीं दोन पुस्तकें आमच्या टेबलावर नेहमींच असतात. तीं जाण्यापूर्वीं पाहिलीं असतीं तर बरें झालें असतें. आमची ‘सखी–सही–सई’ ही परंपरा खरीच आहे. तीबद्दल शंका नाहीं. चूक होती ती ‘हाच एक अर्थ’ या शब्दांत.

महाराष्ट्री प्राकृताचा स्वभाव वाचकांना ठाऊक असेल. दोन स्वरांमध्यें सांपडलेला क, ग, त, द यांसारखा वर्ण ही भाषा गिळून टाकते, आणि ख, घ, ध, भ यांचा नुसता ह करून सोडते. त्यामुळें संस्कृतांत दूरदूर राहणारे शब्द प्राकृतांत एकाच घरांत येऊन राहतात. ‘सती’ हिचें प्राकृत रूप सई. ‘स्मृति’ हिचें सइ, आणि आपण जिला आठवण या अर्थानें ‘सय’ म्हणतों ती याच वळणाची. ‘शती’ म्हणजे शंभरांचा समुदाय, तिचेंहि सई. हालाच्या नांवावर असलेला सुमारें सातशें गाथांचा जो संग्रह, त्याचें प्राकृत नांवच मुळीं ‘गाहासत्तसई’, म्हणजे गाथासप्तशती. हिंदींतील बिहारीची सतसई ती हीच सई. हाल हा सातवाहन राजा, त्याची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचें पैठण, गोदावरीच्या कांठीं. तीच गोदावरी पुढें पाथरी तालुक्यांतून वाहते. म्हणजे ज्या पट्ट्यांत हें बारसें झालें, त्याच्या शेजारींच दोन हजार वर्षांमागें या दोन अक्षरांत सती, स्मृति आणि शती अशा तिघी नांदत होत्या, आणि ‘सही’ झालेली सखी हकार टाकून त्यांच्यांत येऊन मिसळण्याच्या वाटेवर होती.

मराठींत आल्यावर या चौघींपैकीं सखी टिकली, आणि तीहि मुख्यतः बायकांच्या बोलण्यांत. जात्यावरच्या ओव्यांत सईला हांक आहे, भोंडल्याच्या फेरांत आहे. पुरुषांच्या लिहिण्यांत तिला फारशी जागा मिळाली नाहीं. इतिहासांत हें नांव ठळकपणें येतें तें शिवाजीमहाराजांच्या पत्नी, फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या सईबाई यांच्यामुळें. त्या 1659 मध्यें राजगडीं वारल्या, तेव्हां संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते. आमच्या काळांत चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे (जन्म 1938) यांनीं हें नांव घरोघर पोंचविलें. त्यांनीं आपल्या आत्मचरित्रास ‘सय’ हें नांव दिलें आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें सई आणि सय या निरनिराळ्या. परंतु कानाला त्या बहिणी वाटतात, आणि लेखिकेनें कानाचें ऐकलें हें आम्हांस योग्यच वाटतें.

याहून मौजेची गोष्ट बंगालींत आहे. बंगालींतहि सखीची ‘सइ’च झाली, उच्चार मात्र ‘शोइ’. दोन मुलींनीं एकमेकींना विधिपूर्वक सइ मानावें अशी तेथें जुनी चाल होती. पण त्याच भाषेंत कागदावर केलेली सही, तीहि ‘सइ’. ही दुसरी सइ अरबी ‘सहीह’ म्हणजे बरोबर, बिनचूक या शब्दापासून फारशीच्या मार्गानें आली. आपली ‘सही’ही तीच, आणि घाईनें बोलतांना आपणहि ‘सई कर’ असेंच म्हणतों. बंगालींत याशिवाय ‘मी सोसतें’ या अर्थाचें क्रियापदहि ‘सइ’च होतें. नवनीता देव सेन (1938–2019) यांनीं 2000 सालीं बंगाली लेखिकांची संस्था काढली आणि तिचें नांव ‘सइ’ ठेवलें तें या तिन्ही अर्थांवर बोट ठेवूनच: मैत्रीण, स्वाक्षरी आणि सोसणें. लिहिणाऱ्या बाईचें सगळें चरित्र त्या दोन अक्षरांत आलें. एका मुळाचा आग्रह धरून बसलेल्या आमच्यासारख्या पंडिताला हें नांव सुचलें नसतें.

आतां साई. पाहुण्यांनीं सांगितलेलें मत कांहीं अगदींच निराधार नव्हतें. साई हा फारशी शब्द आहे असें अनेक पुस्तकांतून छापलेलें आढळतें. अरबींत ‘साइह’ म्हणजे भटकणारा, यात्रिक, असा शब्द आहेहि. आणि ‘सहीह’चा शेवटचा हकार जसा मराठींत गळला तसा याचाहि गळूं शकेल. परंतु उत्तर हिंदुस्थानांतील रूप ‘साईं’ असें सानुनासिक आहे, आणि तें अनुनासिक आलें कोठून याचें उत्तर अरबी शब्द देत नाहीं. ‘स्वामी’ हा देतो. स्वामी, सामी, सावीं, साईं: मकाराचा वकार झाला आणि जातां जातां नाकांत आपली खूण ठेवून गेला. याला साक्ष हवी असेल तर आपल्याच घरांत आहे. ‘गोस्वामी’चा मराठींत ‘गोसावी’ झाला आणि हिंदींत ‘गोसाईं’. एकच शब्द दोन टप्प्यांवर थांबलेला असा डोळ्यांसमोर उभा असतां साईंसाठीं दूर जाण्याचें कारण दिसत नाहीं. आमचा कौल स्वामीकडे आहे.

पण कौल देऊन झाल्यावर त्यांतून निघतें काय? काकांना वाटलें, आपण जिंकलों. सिंधमध्यें आजहि हिंदु-मुसलमान सर्वजण वडीलधाऱ्या माणसाला ‘साईं’ म्हणूनच हांक मारतात, आणि तेथील मुसलमान आपल्या पीरालाहि साईंच म्हणतो. कबीरानें देवाला साईं म्हटलें, तेव्हां त्या देवाची जात विचारणाऱ्यांची त्यानें थट्टाच केली होती. उलट बाजूनें, सही हा शब्द अरबी म्हणून सही करणाराचा धर्म पालटत नाहीं. शब्दाची वंशावळ ही माणसाची वंशावळ नव्हे. हें सांगावें लागतें याचें कारण या भागांत तो निव्वळ कोशांतला प्रश्न राहिलेला नाहीं. जानेवारी 2020 मध्यें पाथरीच्या विकासासाठीं 100 कोटी रुपयांची घोषणा झाली, तींत तिचा उल्लेख साईबाबांची जन्मभूमि असा आला, आणि त्याच्या निषेधार्थ 19 जानेवारीस शिर्डी बंद राहिली. दासगणूंनीं सेलूचे गोपाळराव देशमुख हे बाबांचे गुरु होत असें लिहिलें. दाभोळकरांच्या पोथींत बाबा धूपखेड्याच्या चांद पाटलाच्या वऱ्हाडाबरोबर शिर्डीस येतात, आणि खंडोबाच्या देवळापाशीं म्हाळसापति त्यांना ‘साई’ म्हणून बोलावतात. जन्मापासूनचें नांव काय, हें 1918 मध्यें देह ठेवीपर्यंत त्या पुरुषानें सांगितलेलें दिसत नाहीं. दुसऱ्यानें हांक मारली, त्यानें ओ दिली. जो स्वतः गप्प राहिला त्याच्या वतीनें शब्दकोश बोलूं पाहतो, हा आम्हांस अतिप्रसंग वाटतो.

भक्तमंडळी ‘साक्षात् ईश्वर’ अशी साईची फोड करतात. महाविद्यालयांत असतांना आम्ही या प्रकाराची टवाळी करीत असूं. पुढें यास्काचें निरुक्त शिकवावें लागलें, आणि तो आचार्य एका ‘अग्नि’ शब्दाच्या चार-पांच फोडी मोठ्या निर्धास्तपणें देतो हें पाहून टवाळी थांबली. शब्द आला कोठून हें एक. बोलणाऱ्यांनीं त्यांत काय ठेवलें हें दुसरें. भक्तानें आपली फोड खुशाल उराशीं धरावी. फक्त ती ऐतिहासिक पुरावा म्हणून पुढें करूं नये, आणि आम्ही वैयाकरणांनीं आमचा पुरावा त्याच्या देव्हाऱ्यांत ठेवूं नये.

दूरच्या भाषांविषयीं थोडक्यांतच सांगतों. ब्रह्मदेशांतील शान लोकांत पुरुषाच्या नांवाआधीं ‘साई’ लावतात. थाई भाषेंत या उच्चाराचा शब्द वाळूवाचक असून मुलींचें लाडकें नांव आहे. इटालियनांत ‘साइ’ म्हणजे ‘तुला ठाऊक आहे’. यांवरून थायलंडांत मराठी वसाहत होती असा लेख कोणी लिहील तर आम्ही तो वाचणार नाहीं.

खरी अडचण आहे ती रोमी लिपीची. सई, साई, सय, साय या चारींना ती एस, ए, आय हीं तीनच अक्षरें देते. शाळेच्या दाखल्यावर आणि पारपत्रावर तींच चालावयाचीं. म्हणजे प्राकृतानें एकदां जें केलें तेंच आतां इंग्रजी टंकलेखन करीत आहे, आणि आजीची साय व काकांचा साई हे कागदावर एकरूप होण्यास आमच्यासारख्याची परवानगी लागणार नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या विद्यार्थ्यास पत्रानें कळविलें, आणि त्या दिवशींच्या आमच्या बोलण्याबद्दल आजीकडे क्षमा मागावी असेंहि लिहिलें. साय हा शब्द वेगळ्या मुळाचा, हें मत आम्ही बदललेलें नाहीं. पण नातीला ती काय म्हणते हा आमचा प्रांत नव्हे, हें मान्य केलें. महिन्यानें उत्तर आलें. दाखल्यावर नांव सई असें घातलें आहे. काका साईच म्हणतात. आजीचा निरोप होता: “सरांना म्हणावं, लेकरू आतां पालथं पडतं. सई म्हटलं तरी बघतं अन् साय म्हटलं तरी बघतं. पुढच्या खेपेला आलात तर चहा न घेतां दूध घ्या, सायीसकट देते.”