कवचकुंडलांची रोजंदारी
आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाची कवचकुंडले जन्मजात आहेत, त्याचे मोठेपण ती देऊन टाकण्यात आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या ऑनलाइन खेळात उत्तम चिलखत मिळते ते तेच राक्षस पुनःपुन्हा मारून, आणि एकदा घेतले की बहुधा दुसऱ्याला देता येत नाही. २००७ च्या ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्ताराने कमाल पातळी ६० वरून ७० वर नेली. महिनोन्‌महिने जमवलेली आयुधे किरकोळ कामगिरीच्या बक्षिसांपुढे फिकी पडली. म्हणून रोज तासभर खेळणाऱ्याची कुरकुर आळशाची नव्हे. कष्टांना तो तयार आहे. त्या कष्टांतून कथा पुढे सरकावी, एवढेच त्याचे मागणे. जे दान करता येत नाही आणि टिकतही नाही, ते कवच नव्हे, हजेरीपट आहे.