मागच्या टेबलावरचा अभिनय

अमेरिकेतल्या ‘द ऑफिस’ या मालिकेचा शेवटचा भाग १६ मे २०१३ रोजी दाखवला गेला. नऊ सीझन आणि २०१ भाग झाल्यावर नटांनी टेबलं आवरली, पण त्यांचं बोलणं काही थांबलं नाही. २०१९ पासून जेना फिशर आणि अँजेला किन्झी या मालिकेतल्या दोघी जणी एकेक भाग पुन्हा बघून त्यावर पॉडकास्ट करताहेत. केव्हिनचं काम करणाऱ्या ब्रायन बॉमगार्टनरने आधी पॉडकास्ट केला, मग त्याच गप्पांचं २०२१ साली पुस्तक काढलं. ‘स्क्रब्ज’च्या दोन डॉक्टरांनी आणि ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’च्या रॉब लोनेही हीच वाट धरली. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे. नीलसनच्या मोजणीनुसार २०२० या एका वर्षात अमेरिकी प्रेक्षकांनी ‘द ऑफिस’ सुमारे ५७ अब्ज मिनिटं बघितली, म्हणजे मालिका संपून सात वर्षं झाल्यावर!

या गप्पांतला बराचसा भाग फराळी आहे. बॉमगार्टनरला जिथे तिथे विचारला जाणारा प्रश्न चिलीचा. केव्हिन घरून शिजवून आणलेलं चिलीचं भलंमोठं पातेलं ऑफिसच्या गालिच्यावर सांडतो आणि ते पुन्हा पातेल्यात भरायची केविलवाणी धडपड करतो, तो प्रसंग एकाच टेकमध्ये कसा झाला, हे त्याने इतक्यांदा सांगितलंय की ऐकणाऱ्यालाच त्याची दया यावी. मिनियापोलिसच्या रंगभूमीवर वर्षानुवर्षं काम केलेल्या या नटाने केव्हिनचा तो संथ, जड, प्रत्येक शब्द ओढत आणणारा आवाज कुठून काढला, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. कुणाला हसू आवरलं नाही, सेटवर कोण खोड्या काढायचं, अमुक भागातला केक खरा होता का, यात तासच्या तास जातात.

आणि तरीही हे बोलणं ऐकावं, कारण मधूनच कुणीतरी टेबल, फोन, कॉम्प्युटर यांच्याबद्दल बोलू लागतं. या प्रकारच्या विनोदातला अभिनय नेमका तिथे सापडतो. पात्राचा ‘प्रवास’, त्याची ‘भावनिक गुंतागुंत’ असले शब्द आले की समजावं, नट मुलाखतीच्या सवयीवर गेला. तोच नट दिवसभर खुर्चीत बसून काय करत होता हे सांगू लागला, की तो कलेबद्दल बोलतोय.

जेना फिशरच्या ऑडिशनची गोष्ट या दृष्टीने बघण्यासारखी आहे. पात्रनिवड करणाऱ्या ॲलिसन जोन्सने तिला बजावलं होतं की नटूनथटून येऊ नकोस आणि हसवायला तर मुळीच जाऊ नकोस. कंटाळा आणायची हिंमत असेल तर ये. ऑडिशनमध्ये पॅम म्हणून तिला विचारलं गेलं, रिसेप्शनिस्टचं काम आवडतं का? तिने नुसतं ‘नाही’ म्हटलं आणि गप्प बसली. पुढचा प्रश्न येईपर्यंतची ती शांतता तिने भरून काढली नाही. विनोदी नटाला शांतता सोसत नाही, ती दिसली की तो तिच्यात काहीतरी टाकतो. पॅमची भूमिका त्या न टाकण्यावर उभी आहे.

पहिल्या भागाचा दिग्दर्शक केन क्वापिस सुरुवातीच्या दिवसांत नटांना नुसतं ऑफिसचं काम करायला लावून कॅमेरा चालू ठेवायचा, असंही ती सांगते. संवाद नाहीत, प्रसंग नाही. फोन उचला, कागद लावा, पंच करा. पुढे टेबलांवरचे कॉम्प्युटर खरोखर इंटरनेटला जोडलेले असायचे. मागे बसलेली मंडळी आपापली बिलं भरत, ईमेलना उत्तरं देत आणि कॅमेऱ्याला ती कामात गढलेली दिसत, कारण ती खरोखरच गढलेली होती. हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो, पण त्यात या शैलीचं व्याकरण आहे.

प्रेक्षकांसमोर, तीन-चार कॅमेऱ्यांनी चित्रित होणाऱ्या जुन्या सिटकॉममध्ये कुणाची पाळी कधी, हे नटाला ठाऊक असतं. तो वाक्य टाकतो, हशा येतो, ओसरतो, मग पुढचं वाक्य. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत, लाफ्टर घ्यायचा असतो आणि तो संपेपर्यंत थांबायचं असतं. ‘द ऑफिस’सारख्या मॉक्युमेंटरीत, म्हणजे माहितीपटाचं सोंग घेतलेल्या मालिकेत, हशाच नाही. कॅमेरा माहितीपट करणाऱ्याचा असल्याने तो पट्ट्यांच्या पडद्याआडून डोकावेल, बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे वळेल, अर्ध्या सेकंदासाठी तिसऱ्याच टेबलावर जाईल. ‘द ऑफिस’चा छायाचित्रकार रँडल आइनहॉर्न हा ‘सर्व्हायव्हर’सारख्या रिॲलिटी शोमधून आलेला, माणसांच्या मागे धावायची त्याच्या कॅमेऱ्याला सवय होती. अशा कॅमेऱ्यापुढे कुणीही कधीही मोकळं नसतं. पंधरा माणसांना दिवसभर भूमिकेत बसून राहावं लागतं आणि त्यांतल्या चौदा जणांना त्या दिवशी वाक्य असेलच असं नाही.

ही कसोटी लावली तर माझ्या मते या मालिकेतलं सर्वांत पक्कं काम फिलिस स्मिथचं आहे. ती ऑडिशन द्यायला आलीच नव्हती. ती पात्रनिवडीच्या कचेरीत नोकरीला होती आणि येणाऱ्या नटांसमोर समोरचे संवाद वाचून दाखवायची. क्वापिसचं लक्ष नटांपेक्षा हिच्याकडेच जाऊ लागलं आणि तिच्यासाठी भूमिका तयार झाली. तिने साकारलेली फिलिस आधी साधीभोळी, नंतर हळूहळू डूख धरणारी, लग्नानंतर किंचित माजलेली. हा सगळा बदल तिने एका लहानशा, तोंड न उघडता केलेल्या हसण्यावर तोलून धरला. पिक्सारच्या ‘इनसाइड आउट’मध्ये तिने दुःखाला जो आवाज दिला, त्याची तालीम ‘द ऑफिस’ जिथे घडते त्या स्क्रॅन्टनच्या कागदकंपनीत वर्षानुवर्षं चालली होती, असं वाटत राहतं.

साहेबाची, म्हणजे मायकेलची, भूमिका करणाऱ्या स्टीव्ह करेलचं प्रकरण वेगळं, कारण त्याला मागे बसायची सोयच नव्हती. मूळ ब्रिटिश मालिका २००१ साली बीबीसीवर आली. दोन मालिका आणि नाताळचा विशेष कार्यक्रम मिळून अवघे १४ भाग. त्यात रिकी जर्व्हेसने उभा केलेला डेव्हिड ब्रेंट हा नमुना इतका पक्का होता की करेलने मूळ मालिका जरा वेळ बघून मुद्दाम बंद केली. नक्कल होण्याची भीती होती. पहिल्या सीझनमध्ये ती तरीही थोडी झाली. केस चापून बसवलेले, चेहऱ्यावर तेलकटपणा, माणूस नुसताच नकोसा. दुसऱ्या सीझनपासून केस बदलले, मायकेल जरा बरा दिसू लागला आणि लेखकांनी त्याला धंद्यात अधूनमधून हुशार ठरवलं. ब्रेंटला आपण मजेदार आहोत असं वाटतं. मायकेलला आपल्याला कुणीतरी जेवायला बोलवावं असं वाटतं. करेलने ही भूक कधीच उघड केली नाही. मायकेलला स्वतःबद्दल जे कळत नाही, ते नटाला कळतंय याचा सुगावाही तो लागू देत नाही. विनोदी नट बहुधा इथेच चुकतो, मूर्खाची भूमिका करताना डोळ्याच्या कोपऱ्यातून आपण मूर्ख नाही हे कळवून मोकळा होतो. मायकेलच्या भूमिकेसाठी करेलला एमी पुरस्कार एकदाही मिळाला नाही. नामांकनं मिळत राहिली.

नटांच्या गप्पांत एका गोष्टीवर फारसं बोललं जात नाही, आणि तिथे माझी तक्रार आहे. लोक कशाला हसतात हे लेखकांना कळलं, की पात्रं आकसतात. सुरुवातीच्या सीझनांमधला केव्हिन हा मंद बोलणारा, पण बँडमध्ये ड्रम वाजवणारा, जुगारात तरबेज असलेला हिशेबनीस आहे. शेवटाकडे तो आकडे जुळवायला स्वतःचाच एक आकडा शोधून काढणारा बुद्दू होतो. अँजेला नुसती मांजरांची होते, क्रीड नुसता गूढ. नट हे अडवू शकत नाही हे मान्य. पण दहा-पंधरा वर्षांनी निवांत बसून बोलताना तरी, आपल्या पात्राचं काय झालं हे त्याने म्हणावं. त्याऐवजी प्रत्येक भाग कसा ‘धमाल’ होता हेच ऐकू येतं. अपवाद रेन विल्सनचा. ड्वाइट करत असताना आपण कित्येक वर्षं असमाधानी होतो, हे यश पुरेसं वाटत नव्हतं, आपल्याला सिनेमातला मोठा स्टार व्हायचं होतं, हे त्याने मोकळेपणाने कबूल केलंय. साहेबाच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेल्या ड्वाइटमधला अस्सलपणा कुठून येत होता, याचं इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

मूळ ब्रिटिश मालिका आली त्याच २००१ साली आपल्याकडे सब टीव्हीवर ‘ऑफिस ऑफिस’ आली. तिची रचना ‘द ऑफिस’च्या बरोबर उलट. इथे कॅमेरा काउंटरच्या बाहेरच्या माणसाबरोबर आहे. पंकज कपूरचा मुसद्दीलाल दर भागात नव्या सरकारी कचेरीत जातो आणि तिथे त्याला तीच पाच माणसं भेटतात: पटेल, शुक्ला, भाटिया, पांडे, उषाजी. खातं बदलतं, नाकर्तेपण तेच. देवेन भोजानी, संजय मिश्रा, मनोज पाहवा, हेमंत पांडे आणि मराठी रंगभूमीवरून आलेली आसावरी जोशी यांनी आपापल्या पात्राला एकेक लकब देऊन ती घट्ट धरली. भाटियांचं खाणं, शुक्लांचं पान, उषाजींचा ‘वही तो’. हा अभिनय उघडपणे नाटकी आहे आणि तसाच हवा, कारण दर आठवड्याला कचेरी बदलत असताना लकबी हीच त्या माणसांची ओळखपत्रं. मागच्या टेबलावरचा अभिनय या मालिकेत काउंटरबाहेर उभा राहून पंकज कपूर करतो. पाच जण बोलत असतात आणि तो ऐकत असतो. आशा, शंका, हिशेब, शरणागती हे सगळं एका वाक्याचंही उत्तर न देता त्याच्या चेहऱ्यावरून सरकत जातं. नोकरशाहीवरच्या विनोदात हसणाऱ्याची सहानुभूती कुणाकडे, हा प्रश्न त्या चेहऱ्याने निकालात काढला.

२०१९ साली हॉटस्टारवर आलेल्या हिंदी ‘द ऑफिस’ला हे शहाणपण उपयोगी पडलं असतं. फरिदाबादची विल्किन्स चावला ही कंपनी, साहेब जगदीप चड्ढाच्या भूमिकेत मुकुल चड्ढा, ड्वाइटच्या जागी गोपाल दत्त. माणसं गुणी होती. पण प्रसंग, विराम, कॅमेऱ्याकडे टाकलेली नजर, सगळं अमेरिकेचं गिरवलेलं. हिंदी पट्ट्यातल्या ऑफिसात साहेबापुढे कुणी अमेरिकी मालिकेतल्या जिमसारखा भिवया उंचावत नाही. तिथे अवज्ञेचे मार्ग वेगळे असतात, आणि ते शोधायला नटांना वाव मिळाला नाही.

मराठी मालिकांबद्दल थोडक्यातच. पु. ल. देशपांड्यांच्या धोंडो भिकाजीमुळे कारकून मराठी विनोदात केव्हाच घरचा झाला, पण टीव्हीवरच्या ऑफिसात बहुतेक वेळा नायक-नायिका भेटतात आणि काम कुणीच करत नाही. २०१४ ची ‘का रे दुरावा’ निदान नोकरीसाठी लग्न लपवण्यावर उभी होती. विनोद सांभाळला तो स्किटवाल्या कार्यक्रमांनी, आणि स्किटमध्ये सात मिनिटांत पाच हशे लागतात. मागे बसून फाइल चाळणाऱ्या नटाला तिथे कोण विचारतो?

मॉक्युमेंटरीचा आजचा सर्वांत सशक्त नमुना अर्थातच फिलाडेल्फियातल्या सरकारी शाळेवरची ‘ॲबट एलिमेंटरी’. डिसेंबर २०२१ मध्ये ती एबीसीवर सुरू झाली. निर्माती-लेखिका आणि मुख्य नटी क्विन्टा ब्रन्सनची आई बालवर्गाची शिक्षिका होती, आणि ते घरचं ज्ञान मालिकेत दिसतं: वर्गात पुरेशी साधनं नसणं, गालिच्यासाठी केलेली खटपट, मुलांसमोर आवाज न चढवण्याची कसरत. बार्बरा हॉवर्ड ही जुनी, करारी शिक्षिका करणारी शेरिल ली राल्फ १९८१ च्या मूळ ब्रॉडवे ‘ड्रीमगर्ल्स’मधली. गाणाऱ्या नटीचा दम तिने शाळेच्या बाईंच्या ताठ मानेत आणि शब्दांमधल्या थांब्यात वळवला. २०२२ साली तिला एमी मिळाला तो योग्यच. दिग्दर्शकांत पुन्हा तोच आइनहॉर्न आहे. एक खोड मात्र इथे वाढलीय. ‘द ऑफिस’मध्ये कॅमेऱ्याकडे बघणं हा जिमचा विशेष हक्क होता, बाकीचे चोरून बघत. ‘ॲबट’मध्ये सगळेच बघतात, आणि वारंवार. टायलर जेम्स विल्यम्ससारख्या संयमी नटाच्या कटाक्षालाही त्यामुळे पूर्वीचा भाव राहत नाही.

पण ‘ॲबट’जवळ वेळ आहे. तिच्या दुसऱ्या आणि चौथ्या सीझनचे प्रत्येकी २२ भाग झाले. सफाई कामगार मिस्टर जॉन्सन हा अशा मोकळ्या भागांमुळेच मागून पुढे आला. स्ट्रीमिंगच्या आठ-दहा भागांच्या सीझनमध्ये त्याला दोन विनोद मिळाले असते आणि विल्यम स्टॅनफर्ड डेव्हिस हा नट काय ताकदीचा आहे, हे कुणाला कळलंही नसतं. फिलिस स्मिथची फिलिस १० भागांत उभी राहणं शक्य नव्हतं. बसून राहायला अवधी लागतो आणि अवधीला पैसा लागतो. आज तोच नेमका कापला जातोय.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी ‘द ऑफिस’ घडवणाऱ्या ग्रेग डॅनियल्सचीच ‘द पेपर’ आली. ओहायोतलं एक मरणपंथाला लागलेलं दैनिक, तीच माहितीपटवाली मंडळी, १० भाग. डोनल ग्लीसन आणि साब्रिना इम्पाचियातोरे दोघेही कसलेले. प्रत्येक प्रसंगात आपली छाप पडावी म्हणून ते झटताना दिसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. दहाच भाग हातात असले की कुणीही झटेल. जुन्या मंडळींपैकी नियमित भूमिकेत एकटा ऑस्कर नुन्येझ. कॅमेरावाल्यांना बघताच त्याचा ऑस्कर वैतागतो, पुन्हा हे नको म्हणून हात झटकतो. मग हिशेबाच्या टेबलावर जाऊन बसतो. बाकीचे अभिनय करत असतात आणि हा काम करत असतो. नजर तिकडेच जाते.