हॅमंडचा खरा स्वर

जुना हॅमंड ऑर्गन घरी आणू इच्छिणाऱ्याने प्रथम स्वतःला विचारावे, की आपणांस नेमके काय ऐकावयाचे आहे? शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांनी 1935 साली हे वाद्य बाजारात आणले, तेव्हा ते पाइप ऑर्गनच्या तोडीचे असल्याचा दावा झाला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यास आक्षेप घेतला. 1937 साली शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये दोन्ही वाद्ये तुलनेसाठी वाजविण्यात आली. श्रोते सुमारे एक-तृतीयांश वेळा चुकले. तरीही 1938 साली आयोगाने त्या दाव्यास मनाई केली.

आमच्या मते निर्णय योग्यच होता. पाइपमध्ये वारा बोलतो. येथे लोहचुंबकासमोर पोलादी चाके फिरतात. कळ दाबताच स्वर एकदम उमटतो, श्वासाची चाहूल लागत नाही. मात्र अनुकरणाची अपेक्षा सोडली, की याच स्वराची ऊब मनाला भिडते.

1955 ते 1964 या काळातील घरगुती ‘एम-3’ ओळखणे सोपे आहे: 44 कळांच्या दोन ओळी, पायाखाली 12 पट्ट्या आणि ‘स्टार्ट’ व ‘रन’ अशी दोन बटणे. खरेदीपूर्वी विजेची पाटी अवश्य वाचावी. 60 हर्ट्झसाठी बनविलेली मोटर आपल्याकडील 50 हर्ट्झवर मंदावते आणि सारे स्वर तीन अर्धस्वरांनी उतरतात. केवळ ट्रान्सफॉर्मर बसविल्याने हा दोष जात नाही.

हॅमंडला हॅमंड म्हणूनच घरी आणावे. जे आपण नाही त्याचा आव न आणणारे वाद्यच कौटुंबिक प्रार्थनेस शोभते.