दानीएलाचे तेवीसशें दिवस, अथवा भविष्यग्रंथ कसे वाचूं नयेत

आमच्या एका संग्राहक मित्रानें आपलीं दफ्तरें आवरतांना छापील चोपड्यांचा एक गठ्ठा आम्हांकडे पाठविला आणि 'हा ठेवावा कीं रद्दींत घालावा' असें विचारिलें. सर्व चोपडीं एकाच विषयाचीं आहेत. ख्रिस्ती धर्मग्रंथांत जगाच्या अंताचें जें भविष्य सांगितलें आहे तें चालू काळांतील अमुक राजा, अमुक युद्ध, अमुक साथ यांच्या रूपानें प्रत्यक्ष घडत आहे, असा प्रत्येकाचा दावा आहे. आम्हीं तीं सर्व वाचलीं. मित्राच्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां आलें असतें. परंतु त्या उत्तराचीं कारणें आमच्या मंडळींच्या नित्याच्या उद्योगास लागू पडणारीं असल्यामुळें तीं येथें विस्तारानें मांडतों.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. कोणाच्याहि श्रद्धेची परीक्षा करण्याचा आमचा अधिकार नाहीं व हेतुहि नाहीं. परंतु जो ग्रंथ 'ऐतिहासिक घटनांचा पुरावा' म्हणून पुढें केला जातो, त्यास बखरीस विचारतों तेच प्रश्न विचारले पाहिजेत : तो केव्हां लिहिला गेला, त्याचा पाठ कोणता, आणि त्यांतील शब्दांचा अर्थ लिहिणाराच्या काळीं काय होता.

(१) काळ. या चोपड्यांचा मुख्य आधार जुन्या करारांतील दानीएलाचा ग्रंथ होय. दानीएल हा बाबिलोनच्या दरबारीं, म्हणजे इ. स. पूर्वीं सहाव्या शतकांत होता, असें ग्रंथ सांगतो. अकराव्या अध्यायांत पुढील राजांच्या लढाया, तह व विवाहसंबंध इतक्या बारकाईनें येतात कीं वाचणारा थक्क होतो. सिरियाचा ग्रीक राजा चौथा अँटिओकस यानें इ. स. पूर्वीं १६७ मध्यें यरुशलेमचें मंदिर भ्रष्ट केलें, तेथपर्यंत हें वर्णन इतिहासाशीं जुळतें. पुढें मात्र तें फसतें. हा राजा समुद्र व पवित्र पर्वत यांच्यामध्यें तळ देऊन मरेल असें ग्रंथ सुचवितो. प्रत्यक्षांत तो इ. स. पूर्वीं १६४ मध्यें इराणकडे मेला. तेव्हां वर्णन अचूक असण्याचें जेथें थांबतें तेथेंच ग्रंथकाराची लेखणी होती, असा निर्णय तिसऱ्या शतकांत पॉर्फिरी नामक तत्त्ववेत्त्यानें दिला, व आज बहुतेक संशोधक तो मान्य करितात. पॉर्फिरीचा ग्रंथ इ. स. ४४८ मध्यें रोमन बादशहांच्या हुकुमानें जाळण्यास सांगण्यांत आलें. त्याचें मत आज मुख्यतः जेरोमनें दानीएलावर जी टीका लिहिली तिच्यांतून कळतें. म्हणजे चार्वाकाप्रमाणें तोहि प्रतिपक्ष्याच्या खंडनांतूनच जिवंत राहिला.

ही युक्ति आम्हांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यानें इ. स. १८९७ मध्यें छापलेल्या भविष्यपुराणाच्या प्रतिसर्गपर्वांत अकबराचें व इंग्रजांचेंहि 'भविष्य' आहे. तें वाचून व्यासांस कलकत्ता दिसला होता असें आमच्यापैकीं कोणी म्हणत नाहीं. तो भाग इंग्रजी अमलांत लिहिला गेला, असेंच आपण म्हणतों. जो न्याय पुराणास तोच दानीएलास. मृतसमुद्राजवळील कुम्रानच्या गुहांत दानीएलाच्या आठ पोथ्यांचे अवशेष सांपडले असून त्यांतील सर्वांत जुना इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा मानतात. मूळ रचनेच्या इतक्या जवळची पोथी कोणत्याहि संग्राहकास हेवा वाटावा अशी आहे.

(२) गणित. आठव्या अध्यायांत मंदिर किती काळ भ्रष्ट राहील याचें उत्तर 'तेवीसशें सायंप्रातः' असें दिलें आहे. मंदिरांत रोज सकाळीं व सायंकाळीं असे दोन होम होत. म्हणून तेवीसशें होम, म्हणजे साडेअकराशें दिवस, असा पुष्कळ टीकाकारांचा अर्थ आहे. हा काळ सुमारे सव्वातीन वर्षांचा होतो. आणि मंदिर इ. स. पूर्वीं १६७ मध्यें भ्रष्ट होऊन १६४ मध्यें पुन्हा शुद्ध झालें. ज्यांच्या डोळ्यांदेखत देवालय विटाळलें, ज्यांचीं माणसें मारलीं गेलीं, त्यांस ग्रंथकार सांगत होता कीं हें दुःख मोजकें आहे, थोडी कळ सोसा.

अमेरिकेंत न्यूयॉर्क प्रांतांतील विल्यम मिलर नांवाच्या शेतकऱ्यानें याच संख्येचे तेवीसशें दिवस धरले, व एक दिवस म्हणजे एक वर्ष असा नियम लाविला. मानवी वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस, हें आपलें पौराणिक मान ज्यांस ठाऊक आहे त्यांस या नियमाचें नवल वाटणार नाहीं. इराणच्या बादशहाची यरुशलेमविषयींची आज्ञा इ. स. पूर्वीं ४५७ मधील धरून त्यानें २३०० मधून ४५७ वजा केले व १८४३ हें वर्ष काढलें. तें वर्ष लोटल्यावर चूक ध्यानांत आली : इ. स. पूर्वीं १ आणि इ. स. १ यांच्यामध्यें शून्य वर्ष नाहीं, म्हणून एक वर्ष वाढवावयास हवें होतें. शकाचें गतवर्ष व वर्तमानवर्ष यांचा घोळ निस्तरतांना ज्यांचे केस पिकले त्यांनीं मिलरास हंसूं नये. पुढें त्याच्या अनुयायांनीं इ. स. १८४४ च्या ऑक्टोबरची २२ तारीख ठरविली. कित्येकांनीं पिकें शेतांतच ठेविलीं, कित्येकांनीं दुकानें बंद केलीं, आणि हजारों माणसें रात्रभर आकाशाकडे पाहत बसलीं. सकाळ नेहमींप्रमाणें झाली. इतिहासांत त्या दिवसास 'महानिराशा' म्हणतात.

आमचा आक्षेप केवळ तारीख चुकली एवढाच नाहीं. सव्वातीन वर्षांचें आश्वासन तेवीसशें वर्षें लांबविलें म्हणजे ज्या पीडितांसाठीं तें लिहिलें त्यांच्या हातून तें काढून घेतलें, असें होतें. ग्रंथाचा मान राखण्याच्या भरांत त्याच्या पहिल्या वाचकांस बाहेर काढण्यांत आलें, हा खरा अपराध होय.

(३) पाठ. प्रकटीकरण ग्रंथांत एका श्वापदाची संख्या ६६६ सांगितली आहे, आणि गठ्ठ्यांतील चोपडीं ती नेपोलियनपासून दुकानांतील मालावरच्या रेषांपर्यंत सर्वत्र शोधतात. परंतु पाठ तरी निश्चित आहे काय ? इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथील एका जुन्या पपायरसांत, जो इ. स. १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला, ही संख्या ६१६ आहे. पॅरिस येथें पांचव्या शतकांतील एक पोथी आहे. तिचीं मूळ अक्षरें खरवडून बाराव्या शतकांत वर दुसरा ग्रंथ लिहिला गेला. तिच्यांतहि ६१६ च आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आयरीनियस या धर्माध्यक्षास दोन्ही पाठ ठाऊक होते. त्यानें ६६६ हा पाठ स्वीकारला, परंतु या संख्येंत अनेक नांवें बसतात म्हणून नांव ठरविण्याची घाई करूं नये, असेंहि बजाविलें. हिब्रू अक्षरांस कटपयादीसारखीं संख्यामूल्यें आहेत. 'नेरोन कैसर' हें नांव त्या अक्षरांत लिहिलें तर बेरीज ६६६ होते. लॅटिन रूपाप्रमाणें अंत्य नकार गाळला तर नकाराचे ५० वजा होऊन ६१६ उरतात. दोन्ही पाठांचा उलगडा एकाच नांवानें होतो, आणि तें नांव ख्रिस्त्यांचा छळ करणाऱ्या रोमन बादशहाचें आहे. पाठभेद हा शत्रु नसून साक्षीदार असतो, हें याहून चांगलें कोठें दिसेल ?

(४) शब्द. यहेज्केलाच्या ग्रंथांत उत्तरेकडून येणाऱ्या गोगाचें वर्णन आहे. त्यांतील रोश म्हणजे रशिया, मेशेख म्हणजे मॉस्को व तुबाल म्हणजे टोबोल्स्क, हें समीकरण अमेरिकेंत इ. स. १९०९ मध्यें निघालेल्या स्कोफील्डच्या सटीप बायबलानें घरोघर नेलें. इ. स. २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली तेव्हां तें पुन्हा वर आलें. टोबोल्स्क हें गांव इ. स. १५८७ मध्यें वसलें. यहेज्केल त्यापूर्वीं दोन हजार वर्षांहून अधिक काळ होऊन गेला. मेशेख व तुबाल हे आशियामायनरमधील मुश्की व ताबाल होत, आणि त्यांचीं नांवें असुरी राजांच्या शिलालेखांत खोदलेलीं आहेत. 'रोश' या हिब्रू शब्दाचा साधा अर्थ 'डोकें, मुख्य' असा आहे. जेरोमनेंहि तसाच घेतला.

इ. स. १९८६ मध्यें युक्रेनांतील चेर्नोबिल येथें अणुभट्टी फुटली, तेव्हां प्रकटीकरणांतील पाणी कडू करणाऱ्या ताऱ्याचें नांव व या गांवाचें नांव एकच, अशी वदंता उठली. ताऱ्याचें ग्रीक नांव आप्सिंथॉस. युक्रेनी बायबलांत त्यास 'पोलिन' हा शब्द आहे. 'चोर्नोबिल' ही त्याच कुळांतील निराळी वनस्पति. कूळ एक म्हणून वस्तु एक, असें मानावयाचें तर आपला दवणाहि त्याच कुळांतला आहे, आणि मराठी भाषांतरकारांनीं त्या ताऱ्यास दवण्याचेंच नांव दिलें आहे. मग चैत्रांत जोतिबाच्या डोंगरावर गुलालाबरोबर वाहिला जाणारा दवणाहि प्रलयसूचक ठरेल !

(५) घटना. हाल लिंडसे यांच्या इ. स. १९७० मधील पुस्तकाच्या लक्षावधि प्रती खपल्या. दानीएलांतील दहा शिंगें म्हणजे युरोपांतील सामायिक बाजारपेठेचीं दहा राष्ट्रें होणार, असें त्यांत म्हटलें होतें. त्या वेळीं तीं सहा होतीं. इ. स. १९८१ मध्यें ग्रीस आला व तीं दहा झालीं. परंतु १९८६ मध्यें तीं बारा झालीं, पुढें २०१३ पर्यंत अठ्ठावीस झालीं, आणि २०२० मध्यें ब्रिटन गेल्यावर सत्तावीस राहिलीं. जुळणारें एक वर्ष छापलें जातें. न जुळणारीं चाळीस कोणी छापीत नाहीं. इ. स. १९४८ मधील इस्रायलच्या स्थापनेपासून सुमारे चाळीस वर्षांच्या आंत शेवट येईल, हें अनुमानहि त्याच पुस्तकांतलें.

येथें पूर्वपक्ष असा करतां येईल कीं न्यूटनासारख्या गणित्यानेंहि हेंच केलें, मग त्यास मूर्ख कसें म्हणावें ? याचें उत्तर त्याच्या कागदांतच आहे, व त्या कागदांची कथा संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. न्यूटनाचे कागद त्याच्या मरणानंतर घराण्यांत राहिले. केंब्रिज विद्यापीठानें इ. स. १८८८ पर्यंत ते तपासले, शास्त्रीय कागद ठेवून घेतले व धर्मविषयक परत केले. इ. स. १९३६ मध्यें लंडनमध्यें त्यांचा लिलांव झाला. धर्मविषयक कागदांचा मोठा भाग अब्राहाम याहुदा यांनीं मिळविला. तो आज यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. त्यांतील एका कागदावर इ. स. ८०० मध्यें १२६० मिळवून २०६० हें वर्ष आलें आहे. इ. स. २००३ मध्यें वृत्तपत्रांनीं 'न्यूटनानें जगाचा अंत सांगितला' म्हणून गाजावाजा केला. परंतु न्यूटनाचा आशय उलट आहे. अंताची वेळ ठरविण्यासाठीं नव्हे, तर उतावळ्या कल्पकांचीं तोंडें बंद करण्यासाठीं आपण हें लिहितों, कारण त्यांचीं भाकितें फसलीं म्हणजे पवित्र ग्रंथच हास्यास्पद होतो, असें तो तेथेंच सांगतो. ओळीखालची ओळ न वाचल्यामुळें सावधगिरीचा कागद भाकिताचा कागद झाला.

आतां मित्राच्या प्रश्नाचें उत्तर. गठ्ठा ठेवावा. हीं चोपडीं जगाच्या अंताविषयीं कांहीं सांगत नाहींत; परंतु तीं लिहिणारांस कोणत्या वर्षीं कशाचें भय वाटत होतें, हें याहून निश्चित दुसरे कागद सांगणार नाहींत. ज्या युद्धाचें वर्णन तंतोतंत आहे त्याच्या नंतरचें व जेथें वर्णन सैल होतें त्याच्या आधींचें, या पॉर्फिरीच्या न्यायानें तारीख नसलेलें चोपडेंहि बहुधा वर्षा-दोन वर्षांच्या अंतरानें ठरवितां येतें. गठ्ठ्यांतील चार चोपड्यांचीं वर्षें आम्हीं अशींच ठरविलीं व प्रत्येकाच्या वेष्टनावर कारणासह नोंदविलीं आहेत.

आणि ही दुसऱ्यांच्या घरचीच गोष्ट आहे असेंहि कोणी समजूं नये. इ. स. १९६२ च्या फेब्रुवारींत मकर राशींत अष्टग्रही झाली तेव्हां आपल्या देशांत ठिकठिकाणीं यज्ञ झाले, व जगबुडीच्या भयानें लोकांची झोंप उडाली होती, हें आम्हीं वडील मंडळींच्या तोंडून ऐकलें आहे. त्या वेळचीं हस्तपत्रकें आम्ही कित्येक वर्षें शोधीत आहों; एकहि मिळालें नाहीं. सहा तारीख उजाडली, भय गेलें, आणि पत्रकें रद्दींत गेलीं असावींत. कोणा सभासदाच्या दफ्तरीं एखादें असल्यास त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे.