चिमण्या, जाळं आणि दीड फूट बांध

आमच्या घराण्यात दोनच गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ आहेत. एक जमिनीचा गट नंबर आणि दुसरी 'एक, अनेक और एकता' या सात मिनिटांच्या कार्टूनमधलं गाणं. पैकी पहिल्या गोष्टीवरून माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि मी गेली अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाही. वाद दीड फूट बांधाचा आहे. दुसरी गोष्ट एकीने राहावं या विषयावर आहे. तीही आम्हा दोघांना सारखीच पाठ आहे, पण बांधाच्या दोन बाजूंना.

राहुरीला आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तो 1985 च्या सुमाराला. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. त्याचा अँटेना एवढ्या उंच बांबूवर होता की वारा सुटला की पोरांपैकी एकाला गच्चीवर पाठवावं लागे. तो वरून "दिसतंय का?" विचारी आणि खालून पन्नास जण "अजून डावीकडं!" असं ओरडत. त्या काळी दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला, की दूरदर्शन हे कार्टून लावून देई. कधी लागेल याचा नेम नसे. पाहुण्यासारखं यायचं, सात मिनिटं बसायचं आणि चहा न घेता जायचं. त्यामुळे ते लागलं की गल्लीत हाकाटी होई, 'चिमण्यांचं लागलं!' आणि माणसं हातातला घास टाकून धावत.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आंब्याच्या झाडाखाली पोरं जमलेली. एक आणि अनेक म्हणजे काय, असं ती ताईला विचारतात. ताई दाणे टिपणाऱ्या चिमण्यांची गोष्ट सांगते. पारधी जाळं टाकतो, चिमण्या जाळ्यासकट उडतात. इथपर्यंत आलो आणि पहिल्यांदा पाहताना आमच्याकडची वीज गेली. जाळं आभाळात आणि आम्ही अंधारात! दादाने दुसऱ्या दिवशी शाळेत चौकशी करून येऊन सांगितलं की, ते जाळं उंदरांनी कुरतडलं. मी म्हटलं, छट्! चिमण्यांनीच चोचीनं फाडलं असणार. पुढे जेव्हा जेव्हा ते लागलं, तेव्हा तेव्हा मी नेमका गच्चीवर अँटेना धरून उभा असे. गाणं खालून ऐकू येई, उंदीर मात्र कधी दिसले नाहीत. आमच्या भांडणाचा मुहूर्त तो होता. बांध पुष्कळ नंतर आला.

हे कार्टून 1974 सालचं. फिल्म्स डिव्हिजनचं. करणाऱ्या बाई विजया मुळे, आपल्या मराठी. चित्रांना चाल दिली भीमसेन यांनी. हे गायक भीमसेन नव्हेत, चित्रपटवाले. (मीही बरीच वर्षं पंडितजींनी चिमण्या काढल्या असंच समजत होतो आणि त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला होता.) संगीत वसंत देसाईंचं, आणि गाणारा तो कोवळा आवाज साधना घाणेकर नावाच्या चिमुरडीचा, म्हणजेच पुढच्या साधना सरगम.

आता माझं मत असं की, या सात मिनिटांतली निम्मी जादू एकट्या वसंत देसाईंची आहे. ज्यांनी 'अमर भूपाळी'ला संगीत दिलं, 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी'मधल्या ज्यांच्या प्रार्थना देशभरच्या शाळांनी स्वतःच्याच समजून गिळून टाकल्या, त्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बेसूर माणसाला पेलेल अशी चाल बांधणं हे सुरेल माणसासाठी चाल बांधण्यापेक्षा अवघड. त्यांच्या चिमण्यांच्या गाण्यात उगाच वर चढणं नाही, हरकत नाही, मुरकी नाही. श्वास जिथे संपतो तिथे ओळ संपते. म्हणून आमच्या दादालाही ते म्हणता येई, आणि दादाच्या गळ्याचं वर्णन मी भाऊबंदकी बाजूला ठेवूनही करू शकत नाही. दुसऱ्या ओळीला तो लयीच्या पुढे पळत असे, एसटी चुकेल म्हणून माणूस पळतो तसा. तरीही गाणं मोडत नसे. दादाला पुरून उरते ती चाल खरी.

उरलेली निम्मी जादू हिशेबाची आहे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. सात मिनिटांच्या झाल्या दहा हजार ऐंशी. कार्टून काढणारा आधी ताल मोजतो, किती चौकटींना एक मात्रा पडते ते ठरवतो आणि मग चिमणीचं डोकं त्या मात्रेवर खाली आणतो. दाणा टिपला की टाळी, मान वर केली की खाली. खऱ्या चिमणीला ठेका शिकवता येत नाही, काढलेल्या चिमणीला येतो. नटनट्यांच्या सिनेमात हे सुख नाही. तिथे गाणं एकीकडे जातं आणि नायकाचे हात दुसरीकडे. कार्टूनमध्ये डोळ्याला आणि कानाला एकच निरोप एकाच क्षणी मिळतो. तो इतका नेमका मिळतो की, आपला पाय आपल्याला न विचारता हलू लागतो. डिस्नेने 1929 साली सांगाड्यांना नाचवलं ते याच हिशेबावर. त्याच डिस्नेकडचे क्लेअर वीक्स 1956 मध्ये मुंबईला येऊन फिल्म्स डिव्हिजनच्या मंडळींना ही विद्या शिकवून गेले.

पण सगळी विद्या साहेबाच्या पदरात टाकायला मी तयार नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर लोक कैक पिढ्या हेच करत आले. मांडीवर चित्रांची पोथी, एकेक चित्र पुढे करायचं आणि वाद्याच्या साथीवर कथा गायची. चित्र हलत नसे, ऐकणाराच हलत असे. वसंत देसाईही त्याच मुलखातले. आणि रचना म्हणाल तर हे कार्टून म्हणजे सरळ सरळ कीर्तन आहे. ताईची एक-अनेकची व्याख्या हा पूर्वरंग, चिमण्यांचं आख्यान हा उत्तररंग, शेवटी सर्वांनी मिळून म्हणायचं. बुक्का तेवढा लावायचा राहिला.

तो शेवटच मला जरा खटकतो, हे सांगून टाकतो. गोष्ट संपल्यावर देशाच्या एकतेचं जे गीत येतं, तिथे पारधी नाही, जाळं नाही, गंमत नाही. शाळेची प्रार्थना संपायची वाट पाहत एका पायावर उभं राहावं तसं होतं. तोवर चिमण्यांनी जे न सांगता पटवलं होतं, तेच आता छाती पुढे काढून ऐकवलं जातं. सरकारी खात्याचं कार्टून म्हटल्यावर एवढं चालायचंच. आणि हो, पारधी इतका गमतीदार काढला आहे की, जाळं सुटल्यावर मला त्याचंच वाईट वाटलं. बिचाऱ्याचं एवढं मोठं जाळं गेलं!

आता मुद्द्याचं. या कार्टूननं आम्हाला एकी शिकवली का? अजिबात नाही. बांधावर मोजणी चालू असताना दादा तेच गाणं गुणगुणत होता, हे मी या कानांनी ऐकलं आहे. चालीच्या बोटाला धरून उपदेश घरात शिरतो खरा. पण चाल कायमची राहायला येते आणि उपदेश दारातूनच परततो. कुटुंब नियोजनापासून अल्पबचतीपर्यंत सगळ्या खात्यांनी हा अनुभव घेतला असणार. तरीही मी या कार्टूनच्या बाजूचा आहे, कारण ते संपत असे. सात मिनिटं संपली की बातम्या. पुढचे आठ-पंधरा दिवस ते आम्हालाच चालू ठेवावं लागे, विहिरीवर, शाळेच्या वाटेवर, गोठ्यात. आमच्या म्हशीदेखील त्या ठेक्यावर रवंथ करत.

दादाची नात चार वर्षांची आहे. तिला 'बेबी शार्क' येतं. 2016 चं हे कोरियाचं कार्टून जानेवारी 2022 मध्ये यूट्यूबवर एक हजार कोटी वेळा पाहून झालं होतं. यातली शे-दीडशे पाहणी आमच्या वस्तीवरची धरायला हरकत नाही. चाल पक्की आहे, मला नाव ठेवता येणार नाही. मीही एकदा ऊस धरताना ती म्हणत होतो. पण त्या फोनला संपणं ठाऊक नाही. एक मासा गेला की दुसरा हजर. पोरीला ते डोक्यात चालू ठेवायची गरजच पडत नाही, फोनच चालू ठेवतो. फोन काढून घेतला की ती गात नाही, रडते.

मागच्या उन्हाळ्यात मुळेच्या कालव्याला पाणी सुटलं होतं. मी बांधाच्या अलीकडे दारं धरत होतो. पोर दादाच्या हद्दीतून फोन घेऊन आली आणि बांधावरच बसली. बांध कोणाचा हे तिला कोणी सांगितलेलं नाही. फोनवर चिमण्या चालू होत्या. रंगीत! पारधी, जाळं, उड्डाण. वीज गेली नाही. आणि चाळीस वर्षांनी, बांधावर उकिडवा बसून, मी ते उंदीर पाहिले.

पलीकडे दादा फावडं टेकून उभा होता. माझ्याकडे न बघता तो नातीला म्हणाला, "विचार तुझ्या बारक्या आबांना, जाळं कुणी कुरतडलं."

मी नातीला म्हटलं, "सांग तुझ्या आबांना, उंदरांचं कबूल. बांधाचं नाही."

पोरीनं दोन्ही निरोप पोचवले नाहीत. गाणं तिनं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि ती म्हणू लागली. मग मी म्हणू लागलो. पलीकडूनही आवाज आला. दुसऱ्या ओळीला तो अजूनही पुढेच पळतो.