श्रवणाचे पाठभेद : गोवा ट्रान्सच्या पुनःश्रवणातून उभे राहणारे काही प्रश्न

१

संगीताच्या समीक्षेत कलाकृतीची घडण, तिची परंपरा, तिचा सामाजिक संदर्भ यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. ती कलाकृती ज्या साधनातून ऐकली गेली त्याविषयी मात्र समीक्षक सहसा मौन पाळतो. प्राचीन ग्रंथाच्या संपादकाला ही मुभा नसते. कोणत्या पोथीवरून पाठ घेतला, ती पोथी कितपत विश्वसनीय आहे, इतर पोथ्यांत काय वेगळे आहे, हे त्याला सांगावेच लागते. ध्वनिमुद्रित संगीताच्या समीक्षकावर असे बंधन का नसावे, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. तो तात्त्विक पातळीवर न मांडता एका मर्यादित अनुभवाच्या आधारे मांडायचा आहे. १९९० च्या दशकातील ‘गोवा ट्रान्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचे काही अल्बम पंचवीस वर्षांनंतर अधिक चांगल्या उपकरणांवर पुन्हा ऐकताना आलेला हा अनुभव आहे.

हे संगीत प्रस्तुत लेखकाने प्रथम ऐकले ते १९९८ ते २००० या काळात, दक्षिण कोकणात विद्यार्थी असताना. पेडण्याहून येणाऱ्या एका वर्गमित्राकडे नकलेवरून नक्कल केलेल्या कॅसेट असत. वसतिगृहातील टेपरेकॉर्डर एकाच ध्वनिवर्धकाचा होता. सायमन पोसफर्ड यांनी ‘हॅल्युसिनोजेन’ या नावाने केलेला ‘ट्विस्टेड’ (१९९५) हा अल्बम अशाच एका कॅसेटवर शेकडो वेळा ऐकला. त्यातील शांत जागी, विशेषतः रचना संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी, एक अखंड सळसळ ऐकू येई. ती समुद्राची गाज आहे, हणजुण्याच्या किनाऱ्यावरचा समुद्र निर्मात्याने जाणीवपूर्वक संगीतात आणला आहे, अशी आमची खात्री होती. अलीकडे तोच अल्बम सीडीवरून, स्वतंत्र रूपांतरक उपकरण आणि चांगले उघड्या पाठीचे हेडफोन यांच्या साहाय्याने ऐकला, तेव्हा त्या जागी समुद्र नव्हता. तेथे शांतता होती. समुद्र कॅसेटचा होता.

या घटनेकडे केवळ एका बाळबोध गैरसमजाचे निरसन म्हणून पाहता येईल. परंतु तसे पाहिल्यास प्रश्न संपतो, सुटत नाही. कारण तो समुद्र आमच्या आस्वादाचा आनुषंगिक भाग नव्हता. त्या संगीताला ‘गोव्याचे’ म्हणण्यास आमच्यापाशी तोच एक पुरावा होता.

२

या संगीताचा आणि त्याच्या माध्यमाचा संबंध किती घनिष्ठ आहे हे पाहण्यासाठी थोडा इतिहास ध्यानात घ्यायला हवा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजुण्याच्या परिसरात पाश्चात्त्य हिप्पी येऊन राहू लागले. १९८० च्या दशकात तेथील रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळाव्यांत रॉक संगीत मागे पडून यंत्रनिर्मित संगीत पुढे आले. ग्रामोफोनच्या तबकड्या वाहून आणणे अवघड, आणि ऊन व धूळ यांत त्या टिकणेही अवघड. म्हणून तेथील डीजे कॅसेट वापरत. युरोपातील रचनांमधले गायनाचे भाग कापून, वाद्यांचे भाग लांबवून ते स्वतःच्या आवृत्त्या तयार करीत. म्हणजे ‘गोवा ट्रान्स’ या नावाची शैली उदयाला येण्यापूर्वीच गोव्यात संपादनाची एक परंपरा निर्माण झालेली होती.

१९८७ मध्ये सोनी कंपनीने ‘डॅट’ ही अंकीय ध्वनिफीत बाजारात आणली आणि पुढे तीच या मेळाव्यांचे प्रमुख साधन झाली. कॅलिफोर्नियातून १९७० च्या सुमारास गोव्यात आलेले, आणि २०२३ मध्ये निधन पावलेले ‘गोवा गिल’ अखेरपर्यंत डॅटशी एकनिष्ठ राहिले. डॅटवर दोन रचनांची गती जुळवून त्या एकमेकींत मिसळणे तबकडीइतके सुकर नव्हते. एक रचना संपत आली की दुसरी तिच्या पाठोपाठ सुरू करायची, एवढेच शक्य असे. त्यामुळे तालाविना हळूहळू उलगडणारे प्रारंभ आणि तसेच विरत जाणारे शेवट ही या शैलीची लक्षणे ठरली. आज ज्याला आपण या रचनांचे ‘ध्यानमग्न’ प्रवेशद्वार म्हणतो, त्याच्या मुळाशी यंत्राची एक मर्यादा आहे. रूप आणि माध्यम यांची फारकत येथे करताच येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ज्या ध्वनिमुद्रणांनी ही शैली जगभर नेली त्यांचे एक प्रमुख केंद्र लंडन होते. ‘ड्रॅगनफ्लाय’, ‘टिप’, ‘ब्लू रूम रिलीज्ड’ या संस्था १९९३-९४ च्या सुमारास तेथे उभ्या राहिल्या. यांपैकी ‘ब्लू रूम’चा संबंध ध्वनिवर्धक बनविणाऱ्या व्यवसायाशी होता. चांगल्या उपकरणावर ऐकण्याची आकांक्षा या संगीतावर बाहेरून लादलेली नाही, ती त्याच्या जन्मातच होती, हे यावरून दिसते.

३

आता प्रत्यक्ष पुनःश्रवणाकडे वळू. या संगीताची बांधणी वरकरणी साधी आहे. मिनिटाला सुमारे १४० ते १५० आघात, प्रत्येक मात्रेवर ढोलासारखा एक ठोका, त्या ठोक्यांमधल्या जागा भरणारा मंद्र स्वरांचा अखंड पट्टा आणि त्यावर दर आठ किंवा सोळा आवर्तनांनी चढत जाणारे सुरावटींचे थर. सुरावटीत कोमल रिषभाचे प्राबल्य असते. भैरवी किंवा वसंतमुखारीची ओळख असणाऱ्या कानाला ती ‘आपली’ वाटते. ज्या श्रोतृवर्गासाठी हे संगीत निर्माण झाले त्याला मात्र तीच ‘पौर्वात्य’ वाटते. हा विरोधाभासही नोंदवून ठेवावा.

कॅसेटवर ठोका आणि मंद्र पट्टा यांचा मिळून एकच गुरगुराट ऐकू येई. ‘ट्विस्टेड’ नव्याने ऐकताना ही दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत असे प्रथम जाणवले. ठोका पडतो तेव्हा पट्टा मागे सरतो आणि ठोका विरताच ती जागा घेतो. रचनेचा वेग वस्तुतः या देवाणघेवाणीत आहे. एकाच ध्वनिवर्धकावर सपाट झालेले प्रतिध्वनी आता डावीकडून उजवीकडे सरकताना ऐकू येतात. पोसफर्ड आणि बासरीवादक राजा राम यांच्या ‘शपॉन्गल’ या प्रकल्पाच्या ‘आर यू शपॉन्गल्ड?’ (१९९८) या अल्बममध्ये बासरीच्या स्वरापूर्वीची फुंकर कळू लागते. यंत्रांच्या गर्दीत एक श्वास घेणारे शरीर आहे, ही जाणीव त्या अल्बमचा अर्थच बदलून टाकते.

परंतु लाभाइतकीच हानीही आहे. चांगले उपकरण रचनेतील दारिद्र्यही झाकत नाही. कॅसेटवर गूढ वाटलेल्या कित्येक सुरावटी यंत्रातील तयार ध्वनींच्या फारशा न बदललेल्या आवृत्त्या आहेत असे उघड होते. जुन्या चित्रपटांतून उचललेली वाक्ये वेगळ्या ध्वनिगुणामुळे चिकटवल्यासारखी उठून दिसतात. दुय्यम दर्जाचे पुष्कळ अल्बम या परीक्षेत टिकत नाहीत. याउलट ‘जूनो रिॲक्टर’चा ‘बायबल ऑफ ड्रीम्स’ (१९९७) दर श्रवणाला अधिक खोल होत जातो, कारण त्यातील आफ्रिकी तालवाद्यांचा नाद यंत्राच्या नादाशी सतत झगडत राहतो आणि तो झगडा स्पष्टतेने उणावत नाही.

४

या अनुभवाचा सैद्धांतिक अन्वय कसा लावायचा? रोमान इनगार्डेन यांच्या मते साहित्यकृतीत अनिश्चिततेच्या जागा असतात आणि वाचक त्या भरून कृती साकार करतो. संगीताच्या बाबतीत ही अनिश्चितता त्यांनी स्वरलिपी आणि प्रयोग यांच्यामधल्या अंतरात पाहिली. यंत्रनिर्मित संगीताला स्वरलिपी नसते. स्टुडिओत सिद्ध झालेली ध्वनिफीत हीच कृती असते. म्हणजे येथे अनिश्चितता उरू नये. प्रत्यक्षात ती नाहीशी होत नाही, स्थलांतर करते. लिपी आणि प्रयोग यांच्यामधून ती ध्वनिफीत आणि तिचे वादन यांच्यामध्ये येते. आमचा समुद्र याच जागेत निर्माण झाला होता.

मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रालाही येथे एक अडचण येते. संवेदनांची संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनुसार झालेली संघटना म्हणजे सौंदर्य, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ट्रान्ससारख्या निरर्थ, केवळ नादाच्या संघटनेवर उभ्या असलेल्या संगीताला ते इतर बहुतेक सिद्धांतांपेक्षा अधिक लागू पडते. परंतु संघटना कोणत्या संवेदनांची? ठोका आणि पट्टा यांच्यातील विरोधलय कॅसेटच्या श्रोत्याला उपलब्धच नव्हती. त्याने अनुभवलेली लय वेगळ्या सामग्रीची होती, आणि तरीही ती लय होती. संवेदना सर्वांना सारख्याच प्राप्त होतात हे मर्ढेकरांच्या विवेचनातील गृहीतक ध्वनिमुद्रणाच्या युगात तपासून घ्यावे लागते.

यावर असा आक्षेप संभवतो की, उत्तम उपकरण म्हणजे निर्मात्याच्या स्टुडिओशी अधिकाधिक जवळीक, आणि म्हणून तोच प्रमाण पाठ. हा आक्षेप दुबळा नाही. परंतु निर्मात्याने ही रचना स्टुडिओतल्या स्वतःच्या खुर्चीसाठी केली नव्हती. ती मोकळ्या मैदानातील प्रचंड ध्वनिवर्धकांसाठी होती. तेथे पन्नास हर्ट्‌झचा नाद ऐकण्यापूर्वी छातीला जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज कमी असताना मानवी कान मंद्र नादांना तुलनेने अधिक बधिर असतो. घरात बेताच्या आवाजात ऐकणारा श्रोता कितीही चांगले हेडफोन लावून बसला तरी तो मैदानातला पाठ ऐकत नाही. स्टुडिओ, मैदान आणि कॅसेट असे निदान तीन पाठ येथे आहेत. त्यांतील कोणताही एक दुसऱ्याला सर्वस्वी रद्द करू शकत नाही.

पुनर्मुद्रित आवृत्त्यांमुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. जुने अल्बम नव्याने ‘रिमास्टर’ करताना पुष्कळदा एकंदर आवाज वाढविला जातो आणि त्यासाठी हळू व मोठ्या नादांतील अंतर कमी केले जाते. महागड्या उपकरणावर अशी आवृत्ती ऐकणे म्हणजे उत्तम चष्मा लावून दुसऱ्याने दुरुस्त केलेली पोथी वाचणे होय. मराठी अभ्यासकाला येथे ज्ञानेश्वरीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची पाठशुद्धी केली, आणि १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीचा पाठ प्रसिद्ध केला. शुद्ध कोणता आणि मूळ कोणता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या वादातून आपण शिकलो. शिवाय तीन शतकांहून अधिक काळ वारकऱ्यांच्या मुखी असलेला शुद्ध केलेला पाठ हाही एका वाचनपरंपरेचा सत्य पाठ असतो.

५

शेवटी समुद्राकडे परत यावे लागते, कारण प्रश्न केवळ ध्वनीचा नाही. स्वच्छ पाठात समुद्र नाही, तसेच गोवेही जवळजवळ नाही. तेथे संस्कृत नावे आहेत, कोमल रिषभ आहे, काही मंत्रोच्चार आहेत. नृत्यमैदानाच्या कडेला चटया अंथरून कंदिलाच्या उजेडात रात्रभर चहा विकणाऱ्या स्थानिक बायकांचा आवाज मात्र कोणत्याही थरात सापडत नाही. अरुण सालढाणा यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मेळाव्यांतील वर्णभेदाची, विशेषतः पहाटेनंतर मैदानावर कोण उरते आणि कोण कडेला सरते याची, तपशीलवार चिकित्सा केली आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांवर निर्बंध घालणारे केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० साली आले आणि उघड्यावरच्या त्या रात्रींना कायद्याचा अडसर निर्माण झाला. चहाच्या चटया ध्वनिमुद्रणात नव्हत्याच. आता त्या रात्रींचा उरलेला पुरावा म्हणजे ज्यात त्यांना जागा नव्हती ते अल्बम.

म्हणून चांगल्या उपकरणाचे ऋण वेगळ्या अर्थाने मान्य करावेसे वाटते. त्याने आम्हाला संगीत अधिक दिले, आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे आम्ही पदरचे काय घातले होते ते दाखवून दिले. सीमेपलीकडून आलेल्या एका झिजलेल्या कॅसेटला आम्ही किनारा जोडला होता, कारण नावात गोवा असलेल्या संगीतात तो असलाच पाहिजे असे आम्हाला वाटत होते. ही आमची अपेक्षा होती, आणि ती अन्याय्य नव्हती. निर्मात्यांनी ती पुरी केली नाही. कॅसेटच्या दोषाने केली.

यातून समीक्षेच्या पद्धतीविषयी एक माफक सूचना निघते. ध्वनिमुद्रित संगीतावर लिहिणाऱ्याने कोणती आवृत्ती, कोणत्या साधनावर आणि कोणत्या परिस्थितीत ऐकली याची नोंद करावी, आणि आधीच्या सदोष श्रवणांना चूक म्हणून खोडून न टाकता पाठभेद म्हणून तळटीपेत जागा द्यावी. प्रस्तुत लेखकापुरते सांगायचे तर ‘ट्विस्टेड’चा त्याने स्वीकारलेला पाठ सीडीचा आहे. कॅसेट अद्याप जपून ठेवली आहे, आणि तिच्यातील समुद्राची नोंद वर केली आहे.